दिघोरीची बुटकी

'दिघोरी' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? उमरेड रोड, दिघोरी नाका, संध्याकाळचा ट्रॅफिक आणि कानठळ्या बसवणारे हॉर्न. बरोबर? माझंही तेच झालं. मेसेज होता, 'पिल्लं दिघोरीला आहेत, आईबाबांकडे.' मी नवऱ्याला म्हटलं, रविवारी तर्री पोहा खाऊन निघू, अकरापर्यंत पिल्लू घेऊन घरी!

मग लोकेशन आलं. मोबाइलवरची ती निळी रेघ नागपूर सोडून निघाली, मौदा ओलांडलं, भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडली, लाखनीपाशी हायवे सोडून दक्षिणेला वळली आणि तरी थांबायचं नाव घेईना. हे दिघोरी लाखांदूर तालुक्यातलं. तिकडे त्याला 'दिघोरी मोठी' म्हणतात. आमच्या मनीषनगरच्या फ्लॅटपासून शंभराच्या वर किलोमीटर. 'कुत्रं घ्यायला जिल्हा बदलायचा?' नवरा म्हणाला. पण त्याने गाडीची हवा चेक केली, म्हणजे तो तयार होता.

आता कुत्रं कोणतं, तर कॉर्गी. पेंब्रोक वेल्श कॉर्गी. तेच ते, कोल्ह्यासारखं तोंड, उभे कान, पावाच्या लादीसारखं लांबट अंग आणि पाय जणू अर्ध्यावर कापलेले. खांद्यापाशी जेमतेम दहा-बारा इंच उंची, वजन मात्र दहा-बारा किलो. इंग्लंडच्या राणीमुळे ते जगभर माहीत झालं. १९३३ मध्ये तिच्या वडिलांच्या घरात पहिला कॉर्गी आला, १९४४ मध्ये अठराव्या वाढदिवसाला तिला सुझन नावाची कॉर्गी मिळाली आणि पुढे आयुष्यभरात तिने तीसहून जास्त पाळले. सप्टेंबर २०२२ मध्ये तिची अंत्ययात्रा विंडसरला पोहोचली, तेव्हा तिचे शेवटचे दोन कॉर्गी तिथे उभे होते. ते दृश्य टीव्हीवर पाहून ऑफिसातली अर्धी मुलं 'ऑऽऽ' म्हणाली होती, त्यात मीही होते.

गंमत म्हणजे हे राजवाड्यातलं कुत्रं मुळात गोठ्यातलं. वेल्समधले शेतकरी गुरं हाकायला ते पाळायचे. गाईच्या मागे जायचं, टाचेला चावा घ्यायचा आणि गाईने लाथ झाडली की ती डोक्यावरून निघून जायची. पाय आखूड असण्याचा हा फायदा. म्हणजे आपण ज्याला क्यूट म्हणतो, ते खरं तर कामाचं हत्यार आहे. हे सगळं मी आधीच वाचून ठेवलं होतं. वाचणं आणि समजणं यात फरक असतो, हे दिघोरीला कळायचं होतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण ती न सांगता हा प्रवास नीट कळणार नाही. हे आमचं पहिलं पिल्लू नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही एक बीगल घेतलं होतं. कुठून? एका मॉलच्या पार्किंगमधून. फोनवर फोटो, फोनवर पैसे आणि टोमॅटोच्या क्रेटमध्ये पिल्लू. विकणारा म्हणाला, दोन महिन्यांचं आहे, एक इंजेक्शन झालंय. आई कुठे आहे, कशी आहे, आम्ही विचारलंच नाही. तिसऱ्या दिवशी ते खायचं बंद झालं. डॉक्टरांनी तोंड उघडून दात पाहिले आणि म्हणाले, हे फार तर पाच आठवड्यांचं आहे. पार्व्हो निघाला. नवव्या दिवशी ते गेलं. हा विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे वर्षभर तरी दुसरं पिल्लू आणू नका, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही दोन वर्षं थांबलो. त्याचं नावही ठेवून झालं नव्हतं.

म्हणून या वेळी माझी एकच अट होती, पिल्लाची आई बघायची. आईच्या घरी जाऊन बघायची.

डिसेंबरचा रविवार. मौद्यापर्यंत धुकं, भंडाऱ्याला चहा. लाखनीनंतर हायवे सुटला आणि अचानक सगळं संथ झालं. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, कापणी झालेल्या. धुऱ्यांवर पळसाची झाडं. खळ्यांत रचलेले पुंजणे, म्हणजे धानाच्या पेंढ्यांचे घुमटासारखे ढीग. आणि तलाव! एक संपला की दुसरा. यांना इकडे 'मामा तलाव' म्हणतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी. बरेचसे इथल्या कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळात बांधलेले, आणि अजूनही धानाला पाणी देणारे. नवऱ्याने तीनदा गाडी थांबवली. त्याला बदकं दिसत होती, मला पालांदूर कधी येतं याची घाई. रस्त्याकडेच्या भिंतींवर झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं होती, भडक गुलाबी आणि पिवळी. दिवाळीनंतर हा इकडचा सीझन. वडसा इथून जवळच, तिथे या नाटक मंडळ्यांचं माहेरघर. 'रात्री थांबून एखादं बघायचं का?' नवरा म्हणाला. रात्रभर चालतं आणि सोमवारी लॉगिन आहे, हे मी त्याला आठवून दिलं.

घर गावाच्या कडेला. समोर ओसरी, मागे सांदवाडी, तिच्यात वालाचा मांडव, कोंबड्या, दोन शेळ्या. आणि या सगळ्याच्या मधोमध, तणसाच्या ढिगावर, ऊन खात बसलेली एक कॉर्गी. मला हसूच आलं. बकिंगहॅम पॅलेस ते लाखांदूर तालुका!

तिची कथा तुमच्या-आमच्यातलीच. घरचा मुलगा हैदराबादला आयटीत. २०२१ मध्ये, वर्क फ्रॉम होम जोरात असताना, त्याने हिला घेतलं. नाव जिंजर. मग ऑफिस उघडलं, मग कॅनडाचा व्हिसा आला आणि जिंजर ट्रेनच्या ब्रेक व्हॅनमधून नागपूर आणि तिथून दिघोरी. आईबाबा सांभाळतील म्हणाला. कागदपत्रं आहेत, चेन्नईच्या केनेल क्लबची नोंद आहे. यंदा मुलाच्या डोक्यात आलं की एकदा पिल्लं घेऊ. नर नागपूरचा मिळाला आणि पाच पिल्लं झाली.

गावात मात्र तिला कोणी जिंजर म्हणत नाही. सगळं गाव तिला 'बुटकी' म्हणतं. आता ऐका हं, वेल्श भाषेत 'कोर' म्हणजे बुटका आणि 'गी' म्हणजे कुत्रा, असं सांगतात. दिघोरीकरांनी कुठलीही डिक्शनरी न उघडता तेच नाव ठेवलं!

काका निवृत्त गुरुजी. झेडपीच्या शाळेत आयुष्य गेलेलं. त्यांनी चहाच्या आधी वही समोर ठेवली. हजेरीपटासारख्या उभ्या-आडव्या रेघा, पाच पिल्लांचे पाच रकाने. रोजचं वजन, जंताचं औषध कोणत्या तारखेला, डोळे कधी उघडले, पहिला दात कधी दिसला. एका पिल्लाच्या रकान्यात लाल शाईने लिहिलं होतं, 'आज कमी प्यायले'. मी त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिले. टोमॅटोच्या क्रेटमधल्या आमच्या पिल्लाचा असा कागद कुठेच नव्हता.

पिल्लं ओसरीत, जुन्या गोधडीवर. एकावर एक पडलेली, पोट भरलेली, दुधाचा आणि मातीचा वास येणारी. मी खाली बसले आणि एक थेट माझ्या मांडीवर चढलं, ओढणी दातात धरून मागे ओढायला लागलं. दुसऱ्याने त्याच्या कानाला चावा घेतला, ते कळवळलं, पहिल्याने ओढणी सोडली. बुटकी येऊन उभी राहिली. तिने मला हुंगलं, मग पिल्लाला हुंगलं आणि बाजूला जाऊन बसली, पण नजर माझ्या हातावर.

मी पर्समधून पाकीट काढलं. मुलाशी फोनवर सत्तर हजार ठरले होते. तो म्हणाला होता, 'आजच घेऊन जा, मला तिकडे बोलणी संपवायची आहेत.'

काकूंनी आतून येऊन विचारलं, 'कितीले ठरलं जी?'

मी आकडा सांगितला. त्या खालीच बसल्या. 'सत्तर हजार? अवो, तेवढ्यात दुभती गाय येते!' मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, 'पन आज नाई नेता येनार. पाच हप्त्याची हाये ते. मायपासून आत्ताच कशी तोडाची?'

आता माझी पंचाईत. काकूंचं बरोबर होतं, हे मला माहीत होतं. आपल्याकडे २०१७ पासून कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे केंद्र सरकारचे नियम आहेत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, लस दिल्याशिवाय विकायचं नाही, मादीला वर्षातून दोनदा विणवायचं नाही, आणि असा व्यवहार करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. घरगुती असो नाहीतर मोठं केनेल. मी हे नियम पाठ करून आले होते आणि तरीही पिल्लू मांडीवर चढल्यावर पाकिटाकडे हात गेलाच. पार्किंगमधल्या माणसात आणि माझ्यात त्या क्षणी कितीसा फरक होता?

काकूंना नियम माहीत नव्हते. त्यांना एवढं माहीत होतं की शेळीचं करडूही इतक्यात तोडत नाहीत. काकांना मात्र माहीत होते. त्यांनी नोंदणीच्या अर्जाची प्रत दाखवली. अर्ज गेलाय, नोंदणी आलेली नाही. 'ते येईपर्यंत पैशाचं बोलणं नको,' ते म्हणाले, 'मुलाला मी सांगतो.' मग ओसरीच्या टोकाला जाऊन त्यांनी कॅनडाला फोन लावला. तिकडे पहाट असणार. आवाज चढला, उतरला, पुन्हा चढला. आम्ही उगाच पिल्लांकडे पाहत बसलो. दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकताना चहा फार हळू प्यावा लागतो.

आठ आठवड्यांचा आग्रह फक्त दुधासाठी नाही. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं एकमेकांना चावून शिकतात की किती जोरात चावलं म्हणजे समोरचा रडतो आणि खेळ बंद होतो. आता विचार करा, ज्या जातीचा पिढीजात धंदाच टाचेला चावायचा, तिला हा धडा न मिळता तुमच्या टूबीएचकेमध्ये आणलं तर? पाहुण्यांच्या टाचा, शेजारच्या सायकलवरच्या मुलाच्या टाचा, सगळं रानच आहे.

दुपारी जेवायला बसवलंच. भात, वालाच्या शेंगांची भाजी, तलावातल्या माशांचा झणझणीत रस्सा. जेवताना काकूंनी प्रश्न सुरू केले. इंटरव्ह्यू म्हणा हवं तर. माझे आजवर झालेल्या सगळ्या इंटरव्ह्यूंपेक्षा कडक.

'कोनत्या मजल्यावर राह्यता?' चौथ्या. 'लिफ्ट हाये?' आहे. बरं झालं, कारण लांब पाठ आणि आखूड पाय म्हणजे या कुत्र्यांना मणक्याचा त्रास होतो, जिन्यांवरून उड्या नकोत. 'उन्हाळ्यात काय करान?' हा खरा प्रश्न. कॉर्गीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वेल्सच्या पावसासाठी. आणि इथून वैनगंगा ओलांडली की ब्रह्मपुरी. मे महिन्यात देशातल्या सगळ्यात तापलेल्या गावांत तिचं नाव किती वेळा वाचलंय आपण! आपलं नागपूरही काही मागे नाही. काकू मे महिन्यात बुटकीला मातीच्या खोलीत ठेवतात, जमीन दोनदा सारवतात, ओलं पोतं अंथरतात. सकाळी सहाच्या आत आणि रात्री आठनंतरच बाहेर. आमच्याकडे एसी आहे, मी म्हटलं. 'अन् लाईन गेल्यावर?' त्या म्हणाल्या.

शेवटचा प्रश्न सगळ्यात साधा होता. 'दिवसभर घरी कोन राह्यते?'

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मिहानमध्ये, नऊ ते सात. मी फ्रीलान्स, म्हणजे कधी घरी, कधी दिवसभर बाहेर, कधी दोन दिवस मुंबईला. 'तसं कोणी नाही,' मी म्हटलं. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्या ताटात आणखी भात वाढला.

मग मी त्यांना बीगलची गोष्ट सांगितली. का सांगितली माहीत नाही. त्या ऐकत होत्या आणि मध्येच उठून त्यांनी आत जाणाऱ्या एका पिल्लाला उचलून परत गोधडीवर ठेवलं.

आता संध्याकाळ. ही गोष्ट बघायला तुम्ही तिथे असायला हवे होतात. पाचच्या सुमाराला बुटकी एकदम ताठ झाली. कान वर. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं, तिला येत होतं. गावाबाहेरच्या आखरावर गुरं परतत होती. इकडे गावाची गुरं चारणाऱ्याला 'गायकी' म्हणतात. ती सुटली आणि आम्ही मागे.

धूळ, घंटा, शेणाचा वास आणि खालून तिरपं ऊन. चाळीसेक गुरं. बुटकी त्या पायांच्या जंगलात शिरली. एक तांबडी गाय भलत्याच बोळाकडे वळली होती. बुटकी तिच्या मागे गेली, टाचेशी तोंड घातलं, गाईने लाथ झाडली. मी डोळे मिटले. उघडले तर लाथ हवेतून गेलेली आणि बुटकी पोट जमिनीला लावून दुसऱ्या टाचेकडे वळलेली. गाय वळली! हिला हे कोणी शिकवलेलं नाही. हैदराबादच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर वाढलेली पोरगी ही.

टाळ्या मी एकटीनेच वाजवल्या. गायकी मामा, साठी ओलांडलेले, खांद्यावर काठी, काही फार खूश दिसले नाहीत.

'चांगली हाकते की, मामा!'

'हाकाले मी हावो नं,' मामा म्हणाले. 'कुत्र्याचं काम राखाचं. वाघ आला, बिबट आला तं भुंकाचं. हे पाहा, गाभन गाय हाये. तिच्या मागं लागून चालते काय?'

मामांनी एका वाक्यात सांगितलं, ते मी कुठल्या पुस्तकात असं वाचलं नव्हतं. आपल्याकडे धनगरांच्या कळपाबरोबर कुत्री असतात, पण ती लांडग्यापासून राखण करणारी. कळप वळवतो माणूस, आपल्या आवाजाने आणि काठीने. मामा प्रत्येक गाईला नावाने हाक मारत होते आणि ती नाव ऐकून वळत होती. बुटकीचं काम इथे शंभर वर्षांपूर्वीही रिकामं नव्हतं आणि आजही नाही.

मामा गोवारी. इकडे गुरं राखणारा हाच समाज, दिवाळीच्या पाडव्याचं गायगोधन यांचंच. त्या सकाळी आम्ही सीताबर्डीच्या ज्या उड्डाणपुलावरून आलो, त्याचं नाव आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर निघालेल्या त्यांच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. त्यात बायका आणि लहान मुलं कितीतरी. त्या पुलावर मी रोज ट्रॅफिकला शिव्या देते. गोवारी माणसाशी बोलले मात्र पहिल्यांदाच, तेही एका वेल्श कुत्रीच्या निमित्ताने.

बुटकी परत आली तेव्हा धुळीने माखलेली होती, जीभ लोंबत होती आणि काय खूश होती म्हणून सांगू! पिल्लं तिच्यावर तुटून पडली. मी मनात चित्र उभं केलं, चौथा मजला, बंद दार, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. ती काय हाकणार तिथे? वॉशिंग मशीन? तरी लाखो लोक शहरात कॉर्गी पाळतात, छान पाळतात. दिवसातून दोन लांब फेऱ्या, डोक्याला काम, माणसांची सोबत मिळाली की ती आनंदात असते. सोबत. पुन्हा तिथेच येऊन अडत होतं.

निघताना मी ॲडव्हान्स पुढे केला. काकांनी हात मागे घेतला. 'नोंदणी येऊ द्या, लसी होऊ द्या. संक्रांतीनंतर या. जमलं तर न्या, नाही जमलं तर तसं सांगा.' काकूंनी नवऱ्याच्या हातात तांदळाची पिशवी दिली. 'रिकाम्या हातानं कोनी जाते काय?' आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, 'ते ओढनी ओढनारं तुमच्यासाठी ठेवतो बेटा. पन दिवसभराचं पाहा.'

परतताना लाखनीपर्यंत आम्ही दोघंही गप्प. हायवेला लागल्यावर नवरा म्हणाला, 'माझ्या मॅनेजरला विचारतो. आठवड्यातून दोन दिवस घरून करता येईल का.' भंडाऱ्याच्या पुलावर मी आईला फोन केला. ती सोमवारी आणि शनिवारी येईन म्हणाली, पण 'फिरवायला मी नेणार नाही हं'.

घरी आल्यावर काकांच्या वहीसारखाच एक कागद आखून फ्रिजवर लावला. सात रकाने, वर वार, खाली एकच प्रश्न, दुपारी कोण. सोमवार, शनिवार आई. बुधवार, शुक्रवार नवरा, कारण मॅनेजर हो म्हणाला. रविवार दोघं. संक्रांतीला तीन आठवडे आहेत आणि मंगळवार, गुरुवार अजून रिकामे.